मोठं इंजिन, छोटं इंजिन आणि चमेली

२८ फेब्रुवारी, मंगळवार

सरकारी जीपची किल्ली आज परत केली. शाल, श्रीफळ, गुलाबजाम, भाषणं. एका साहेबांनी भाषणात माझं नावच चुकवलं, शेजारच्यांनी कोपर मारलं तेव्हा दुरुस्त केलं. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. किल्ली टेबलावर ठेवताना हात जरा रेंगाळला, एवढंच. दुसरा गिअर टाकताना जीपला थोडं समजवावं लागतं, हे माझ्या जागी येणाऱ्या गुरांच्या डॉक्टरला सांगायचं होतं. राहून गेलं.

घरी आले तर रायपूरच्या तात्यापाऱ्यातली आमची गल्ली बंद. सिलतऱ्याच्या वेल्डिंगवाल्या वर्मा भैयांनी स्वतः बनवलेली माझी ट्रॉली ट्रॅक्टरला बांधून आणली आणि दारात सोडून गेले. निळी, बुटकी. मागे उतरतं फळकूट, आत दोन्ही अंगांना गाद्यांचं अस्तर, पुढे माणसाला बसायला लहानसा कप्पा. आजारी जनावर उभ्या उभ्या न्यायची ट्रॉली! इतकी वर्षं ज्याच्या त्याच्या टेम्पोत कोंबलेली गुरं पाहिली आणि दर वेळी मनात ही ट्रॉली बांधली. आज ती खरोखर दारात आहे. दोनदा उगाच हात फिरवून आले.

आमचे हे, प्र., नव्या रायपूरच्या मंत्रालयातून आले, ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, म्हणाले, "तुहा नवा संसार आला म्हण. पण हे ओढन कोण?"

खरंच की. ओढणारी गाडी घ्यायची आहे अजून.

२ मार्च, गुरुवार

रिटायर झाल्यावर पहिला पेशंट आला तो पुरानी बस्तीतला फिरंता. लग्नाची घोडी आहे त्याची, चमेली. पांढरी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. फिरंता स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलतोय की घोडीच्या, ते पहिली पाच मिनिटं कळत नाही. आज दुखत होतं ते त्याचं पोट.

खरी गोष्ट नंतर निघाली. लग्नं आता सगळी नव्या रायपूरकडच्या लॉनवर. गावातली वरात कमी झाली. तिथवर डांबरावरून चालवत न्यायची तर तिचे खूर तापतात. म्हणून गेल्या मोसमात भाड्याच्या उघड्या टेम्पोत चढवली होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, चमेली पुढच्या गुडघ्यांवर पडली. टाके मीच घातले. तेव्हापासून गाडीचा आवाज आला की ती मागे मागे सरकते.

आता अक्तीच्या दिवशी एका लॉनवाल्या सेठजींच्या पुतणीचं लग्न आहे, नवरदेवाला चमेलीच हवी. फिरंतानं 'हव', म्हणजे हो, म्हणून टाकलंय. कोणाच्या भरवशावर?

"तोर भरोसा म, दीदी."

मी पण 'हव' म्हणून बसले. अक्ती म्हणजे आपली अक्षय तृतीया. तोवर गाडी घ्यायची, घोडीची भीती घालवायची आणि तिला न पाडता तिकडे न्यायची. हे जमलं तर माझी ट्रॉली चालेल, पुढे गायी-म्हशी सगळ्या येतील. नाही जमलं तर निळ्या रंगाचं कपाट गल्लीत उभं आहेच.

निघताना तिच्याकडे पाहून घेतलं. गोठ्यात ती मागचा एक पाय सैल सोडून, खुराचं नुसतं टोक टेकवून उभी होती. घोडं निर्धास्त असलं की असं उभं राहतं. ट्रॉलीत ती अशी उभी राहिली पाहिजे. बाकी मला काही नको.

५ मार्च, रविवार

शोरूम. पिकअप घ्यायची हे नक्की: मागे औषधं, चारा, दोर, पुढे चार माणसं, आणि रोज प्र.ना मंत्रालयात जायला. इंजिनं मात्र दोन.

'मोठं': अडीच लिटर, साधा टर्बो, हातानं टाकायचे गिअर. 'छोटं': दोन लिटरच्याही आतलं, पण टर्बो नव्या तऱ्हेचा आणि गिअर आपोआप पडतात, क्लच नाहीच. कागदावर छोट्याची ताकद जास्त. हे मला पटलं नाही. छाती लहान आणि दम जास्त?

प्र.नी तिथेच वर्ग घेतला. टर्बो म्हणजे इंजिनाचा बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, जोर जास्त. फक्त पंख्याला वेग यायला क्षणभर लागतो, तोवर गाडी मठ्ठ, मग एकदम ढकलते. छोट्यातल्या पंख्याची पाती वळतात, म्हणून ते लवकर जोर धरतं. लेखा शाखेतला माणूस, पण इंजिन म्हटलं की डोळे लकाकतात.

मी पर्समधून स्टेथोस्कोप काढला. सवय. बॉनेट उघडायला लावून दोन्ही इंजिनं तपासली. मोठ्याचे ठोके भारदस्त, म्हशीसारखे. छोट्याला डावीकडे बारीक शिट्टी. म्हटलं, "ह्याले दम्याचा त्रास दिसतो."

सेल्समन घाबरून मॅनेजरला घेऊन आला. प्र. शोरूमबाहेर जाऊन हसत होते.

६ मार्च, सोमवार

जेवताना वाद. मी मोठ्याच्या बाजूनं, प्र. छोट्याच्या.

"ऑटोमॅटिकच घेऊ, वसू."

"काहून? मंत्रालयाच्या मोकळ्या रस्त्यावर मिरवायचं आहे का? मले जनावर ओढायचं आहे. गिअर आपल्या हातात पाहिजे."

"ऑटोमॅटिक सुरुवातीले धक्का नाही देत."

"मी देते का धक्का? आयुष्य गेलं जीप चालवण्यात. देवानं दोन पाय कायले दिले मग? एक आरामात ठेवायले?"

यावर त्यांनी कढी वाढून घेतली. माझ्याहून दीड वर्षानं लहान आहेत, वादात नेहमी हा वयाचा मुद्दा वापरून घेतात, आज तोही नाही. कढी छान झाली म्हणाले. कढी बिघडली होती.

८ मार्च, बुधवार

होळी. गल्लीतल्या पोट्ट्यांनी ट्रॉली गुलाबी केली. शेजारच्या काकूंनी मात्र तिचा खरा उपयोग शोधलाय. छपरावर दिवसभर ऊन असतं, मांजर चढत नाही, म्हणून तिथे प्लास्टिक अंथरून गव्हाच्या कुरड्या वाळत घातल्या आहेत. मला विचारलं का? विचारलं. घातल्यावर.

पुण्याहून मुक्ताचा फोन. मी मराठीत, ती हिंदीत, नेहमीप्रमाणे. "मम्मी, लोग रिटायर होकर तीरथ जाते हैं, आप घोड़ी ले जाओगी?" म्हटलं हो, आणि तुझे बाबा इंजिन बघून राहिले. "पापा तो पहले से ही पागल थे," म्हणाली. खूप हसलो दोघी.

११ मार्च, शनिवार

फिरंता चमेलीला घेऊन आला. ट्रॉली स्थिर, गाडी जोडलेली नाही, फक्त चढायची सवय. फळकुटापाशी आली आणि चारी पाय रोवले. गूळ दाखवला, हरभरा दाखवला. फिरंता स्वतः आत जाऊन "आ बेटी, आ" करत राहिला. घोडी ढिम्म.

तेवढ्यात वरची एक कुरडई वाऱ्यानं घसरून फळकुटावर पडली. चमेलीनं हुंगली. कुडुम. मिठाची चव लागली असणार. मी दुसरी आतल्या बाजूला ठेवली. तिसरी अजून आत. पुढचा पाय फळकुटावर, मग दुसरा, आणि बाईसाहेब आत!

फिरंता रडला. काकू ओरडत बाहेर आल्या आणि पाहून थबकल्या. "माह्या कुरड्या खाल्ल्या तिनं?" म्हटलं चारच, जास्त देणार नाही, पोट दुखेल. काकूंनी जरा विचार केला. "आवडल्या ना पण?" मग आतून अजून एक वाटी घेऊन आल्या.

आज फार बरं वाटतंय.

१४ मार्च, मंगळवार

फजिती. वर्मा भैयांकडे स्वतःची पिकअप आहे, मोठ्याच इंजिनाची, तिनं वेल्डिंगचं जनरेटर ओढतात. म्हटलं तुमचीच जोडून पाहू. जोडायला गेलो तर ट्रॉलीची मान पिकअपच्या हुकाच्या वीतभर खाली.

"मॅडम, आपने ही तो नाप दिया था।"

दिलं होतं. कशाचं? माझ्या जीपच्या हुकाचं. गायीच्या छातीचा घेर मोजायची फीत घेऊन ऑफिसच्या आवारात जीपमागे उकिडवी बसून मोजलं होतं. जी गाडी परत करायची तिच्याच मापानं ट्रॉली शिवून घेतली! प्र.ना सांगितलं नसतं, पण वर्मा भैयांनी सांगितलंच. आता मधे एक वाकडी पट्टी बसवून देणार आहेत. प्र. संध्याकाळपासून विचारत आहेत, "जीपची आठवण येते का?"

१९ मार्च, रविवार

मोठ्या इंजिनाची परीक्षा. पट्टी बसली, हूक बसला. ट्रॉलीत घोडीच्या वजनाची रेतीची पोती. मी स्टीअरिंगवर, प्र. शेजारी. रिंग रोडपर्यंत जाऊन परत. काय ओढते ती गाडी! उड्डाणपुलावर कुरकुरसुद्धा नाही. मी गाणं म्हणत होते.

परत आलो तर काकू दारात, कमरेवर हात. छपराकडे पाहिलं. कुरड्या! सकाळी कोणी उतरवल्याच नाहीत. प्लास्टिकवर जेमतेम निम्म्या उरल्या होत्या.

आम्ही दोघं स्कूटरवर शोधायला निघालो, काकूंना तेवढं तरी समाधान. आणि सापडल्या. एका सिग्नलपाशी पुंजका. पुढच्या सिग्नलपाशी पुंजका. मग रेल्वे फाटकाशी.

प्र. स्कूटर थांबवून म्हणाले, "वसू, मधल्या रस्त्यात एक बी नाही. जिथं जिथं तू गाडी उचलली तिथं तिथंच सांडल्या."

म्हटलं, वारा होता.

"प्रत्येक सिग्नलले वारा?"

मी स्कूटर घराकडे वळवायला लावली. नंतर हसू आलंच.

२२ मार्च, बुधवार

पाडवा. काकूंच्या दारासमोर ट्रॉली, त्यामुळे गुढी लावायला जागा नाही. त्यांनी ती ट्रॉलीच्याच कोपऱ्याला बांधली. साडी, कडुनिंब, गाठी, वर तांब्या. रस्त्यावरचे लोक थांबून फोटो काढत होते. पुरण थोडं चमेलीला पाठवायचं फिरंताच्या मनात होतं, मी नाही म्हटलं. त्याला दिलं. खुश.

सेठजींचा फोन आला. त्यांच्याकडे छोट्या इंजिनाची ऑटोमॅटिक आहे, हुकासकट. "अक्ती तक जब चाहे ले जाइए मैडम, बस घोड़ी पहुँचनी चाहिए।" प्र.नी हे पलीकडच्या खोलीतून ऐकलं. पुरणपोळी एक जास्त खाल्ली.

२ एप्रिल, रविवार

छोट्याची परीक्षा. पोती तीच, रस्ता तोच. काकूंनी या वेळी स्वतः कुरड्या मांडल्या. "आता पाहू," म्हणाल्या. प्र. चालवणार म्हणाले. मी बाजूला बसले, तोंड तयार करून.

काही बोलायला मिळालंच नाही. गाडी कधी हलली ते कळत नव्हतं. शिट्टी वाजते, पण जोर हळूहळू येतो, कोणी मागून हात लावून ढकलावं तसा. परत येऊन छप्पर पाहिलं. प्लास्टिक जसंच्या तसं. एक कुरडई काठाला आली होती, तेवढीच. काकूंनी प्र.कडे असं पाहिलं की जावई असावेत.

मी म्हटलं, "आज वारा नव्हता." आणि वर, "मंत्रालयाले जायची एवढी हौस असन तर घ्या बापा."

तेव्हा प्र. पायरीवर बसले आणि म्हणाले, "मंत्रालयाले बस जाते, वसू. चांगली आहे बस. खिडकीची जागा भेटते. मले ही गाडी मंत्रालयासाठी नाही पाहिजे."

"मग?"

"तू ट्रॉलीत जनावरापाशी बसशील. तुले ठाऊक आहे, तू बसशीलच. मग समोर कोण बसन? कोणी भाड्याचा ड्रायव्हर? त्याच्या हाती देऊ का तुले मागं बसवून?" मग डावा गुडघा चोळत, "मले चालवाचं आहे. पण ह्यानं क्लच नाही दाबल्या जात. दिवाळीपासून."

गायी-घोड्यांचं लंगडणं मी शेताच्या बांधावरून ओळखते, आणि घरातला हा माणूस दिवाळीपासून जिना एकेक पायरी चढतोय. म्हटलं, "उठा. चालून दाखवा. वळा. परत या. आता भराभर." गल्लीतून तीन फेऱ्या मारून घेतल्या. डाव्या पायावर वजन टाकत नाहीत, लंगड्या घोड्यासारखं डोकं जरासं वर जातं. अगदी स्पष्ट.

"नाल ठोकते का आता?" म्हणाले.

डोळ्यांत पाणी होतं माझ्या, हसण्यानं म्हणून खपून गेलं.

३ एप्रिल, सोमवार

हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्याची गादी झिजली आहे, व्यायाम आणि शेक, घाबरण्यासारखं नाही. घरी चमेलीच्या पायाचं मलम होतं ते लावलं. लगेच आराम पडला म्हणतात. मंत्रालयात मात्र दुपारभर सगळे विचारत होते की तबेल्याचा वास कुठून येतोय.

९ एप्रिल, रविवार

तरी माझं मन मोठ्यावरच. कुरडई म्हणजे काही घोडी नव्हे. वर्मा भैयांची गाडी पुन्हा मागितली, चमेलीला चढवलं (कुरडई, चार), फिरंता पुढच्या कप्प्यात, मी स्टीअरिंगवर. गल्लीतून मुख्य रस्ता, एक वळसा, परत. एवढंच.

उतरून पाहिलं. पडली नव्हती. पण चारी पाय फाकवून रोवलेले, कानामागे घाम. फिरंता तिच्याहून पांढरा. "दीदी, जब-जब उठाथस, बेचारी काँप जाथे," म्हणाला. म्हणजे मी गाडी उचलली की ती थरथरते.

बसून विचार केला. इंजिनाचा दोष नाही. जीपला टर्बो नव्हता, ती पहिल्यापासून एकसारखी ओढायची, म्हणून माझ्या पायाला तीच सवय. इथे मी जास्त रेस देते, क्लच सोडते, आणि तेवढ्यात पंखा जोर धरतो. वर्मा भैया हीच गाडी लोण्यासारखी चालवतात. इंजिन चांगलं आहे. पाय माझा जुना आहे.

हे प्र.ना अजून सांगितलेलं नाही. वहीत लिहिलं, पुरे.

१६ एप्रिल, रविवार

वर्मा भैया चहाला. ते पक्के मोठ्याचे. त्यांचं म्हणणं, सपाट रायपुरात छोटं ठीक, पण उद्या केशकालच्या घाटातून बैल आणायचा झाला तर? ओझं ओढत चढताना ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स तापतो. उतरताना हातातला गिअर गाडी धरून ठेवतो, तसं ऑटोमॅटिकमध्ये होईलच असं नाही. प्र. म्हणाले, ऑटोमॅटिकमध्येसुद्धा खालचा गिअर हातानं धरता येतो. वर्मा भैया म्हणाले, कागज पे सब होता है। दोघं भांडभांड भांडले. चहा तीनदा झाला. घाटातला बैल अजून जन्माला यायचा आहे.

मी ऐकत बसले. खरं सांगायचं तर दोघांचंही पटत होतं. बुकिंग कशाचंच केलेलं नाही.

२० एप्रिल, गुरुवार

झोप नीट नाही. मी चाळीस गावं फिरले, वाघानं फाडलेल्या म्हशी शिवल्या, आणि एका लग्नाच्या घोडीसाठी एवढी घाबरले आहे. पडली तर पुन्हा कधी गाडीत चढणार नाही. फिरंता काही बोलणार नाही मला, आणि तेच सहन व्हायचं नाही.

प्र. रोज संध्याकाळी सेठजींची गाडी आणि रिकामी ट्रॉली घेऊन मागे घ्यायचा सराव करतात. ट्रॉली उजवीकडे न्यायची तर चाक डावीकडे फिरवायचं. काकू मागे उभ्या राहून सांगतात, "अजून, अजून, अजून, थांबा हो!" काल त्यांचीच तुळस गेली.

२२ एप्रिल, शनिवार. अक्ती.

गल्लीत सकाळपासून पोरींची मातीच्या बाहुल्यांची लग्नं. पुतरा-पुतरीला हळद लागलेली, मंडप ट्रॉलीच्या चाकाशी. मंडप हलवायला वऱ्हाडाची परवानगी घ्यावी लागली. मिळाली, पण दोघांना ट्रॉलीतून एक फेरी मारून आणा या अटीवर. म्हणून बाहुला-बाहुली माझ्या कप्प्यात, खिडकीपाशी.

फिरंता लाल पागोट्यात. चमेली न्हाऊन, कपाळाला चंद्र. काकूंनी पदराआडून कुरड्या दिल्या. चढली, एकदाच मागे पाहून. गाडी सेठजींचीच, ऑटोमॅटिक. मी तिच्यासोबत, फिरंता पुढे प्र.च्या शेजारी, देवाचं नाव घेत.

निघालो. मला समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त तिचे पाय. सुरुवातीला रोवलेलेच होते, कान मागे. तेलीबांध्याच्या सिग्नलला थांबलो. आता उचलेल, आता पडेल, म्हणून मी तिच्या गळ्यातला पट्टा घट्ट धरला. ती हललीच नाही. मग गाडी थांबलेलीच आहे असं मला वाटलं, तर जाळीतून झाडं मागे चाललेली!

नव्या रस्त्यावर लागल्यावर तिनं माझ्या खांद्याला नाक लावलं आणि कुरडई मागितली. दिली.

लॉनवर उतरली तेव्हा बँडवाल्यांनी उगाचच वाजवायला सुरुवात केली. सेठजी हात जोडून उभे. फिरंता प्र.च्या पायाच पडायला गेला, ते "अरे गुडघा, गुडघा!" ओरडले. चमेली आज तिकडेच राहील. उद्या सकाळी आणायची.

फार छान दिवस. आत्ता लिहितानाही हसतेय.

२३ एप्रिल, रविवार

सकाळी परतीला निघालो. चमेली रात्रभर नाचून दमलेली, केसांत झेंडूच्या पाकळ्या. फिरंता पुढे बसल्या बसल्या झोपला. मी मागे, कप्प्यात. गरज नव्हती खरं तर. तरी बसले.

तेलीबांध्याला पुन्हा सिग्नल लागला. थांबलो. ऊन जाळीतून तिच्या पाठीवर. तिनं एक लांब श्वास सोडला आणि मागचा डावा पाय सैल केला. खुराचं नुसतं टोक टेकलेलं, अगदी गोठ्यातल्यासारखं. मी श्वास रोखून त्या पायाकडे बघत राहिले. आता सुटेल सिग्नल, आता टेकवेल.

टेकवला नाही. दुकानांच्या पाट्या सरकायला लागल्या, आम्ही चाललो होतो, आणि तो पाय तसाच सैल.

फोन लावला. "अहो, गाडी निघाली का?"

"कवाचीच. काहून? काही झालं का मागं?"

"काही नाही. चालवा."

फोन ठेवला. चमेलीच्या मानेवर डोकं टेकवून घरापर्यंत आले.

संध्याकाळी प्र.नी विचारलं, "मग, बुक करू का? मोठं का छोटं?" शोरूमवाल्याचे तीन फोन येऊन गेलेत, वर्मा भैयांचा एक. म्हटलं, एवढ्याशा दोन फेऱ्यांवर काय सांगू, घाट राहिला, पावसाळा राहिला, म्हैस राहिली. अजून पुष्कळ फिरून पाहावं लागेल. तुम्ही चालवा, मी मागे बसते.

प्र. "बरं" म्हणाले, आणि मलमाची डबी घेऊन पायरीवर जाऊन बसले.